गिअर लिव्हर वाकलाय? आधी काढा, मग सरळ करा

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी बाजूला थांबा, इअरफोन काढा आणि घरी पोचल्यावर निवांत ऐका. थांबलात? बरं, चला.

आजचा विषय साधा वाटेल, पण आपल्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर घरोघरी घडणारा आहे. गाडी डाव्या अंगावर पडते आणि गिअर लिव्हर वाकतो. डाव्याच अंगावर का? कारण साईड स्टँड डावीकडे असतो. पावसात आपली तांबडी माती मऊ होते, स्टँड हळूहळू रुततो आणि रात्री कधीतरी गाडी आडवी होते. नाहीतर अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, त्यावरून चाक सरकतं. गिअर लिव्हरही त्याच बाजूला, त्यामुळे बऱ्याचदा पहिला मार तोच खातो.

मग आपण काय करतो? गाडी उभी करतो, लिव्हर आत गेलेला दिसतो, म्हणून त्यात एखादा पाईप अडकवून जागच्या जागी बाहेर ओढतो. किंवा बुटाने दोन लाथा. आज मला एवढंच सांगायचंय, की हे करू नका. लिव्हर गाडीवर असताना सरळ करायचा नाही.

कारण ऐका. लिव्हर बसलेला असतो गिअर शाफ्टवर. ही सळई थेट इंजिनच्या आत जाते. ती बाहेर येते तिथे ऑईल सील असतं, म्हणजे आतलं तेल अडवणारं रबराचं कडं. तुम्ही लिव्हरला लांब पाईप लावून ओढलंत, की सगळा जोर त्या शाफ्टवर आणि सीलवर जातो. लिव्हर सरळ होईलही, पण शाफ्ट वाकला तर बऱ्याच गाड्यांत इंजिन उघडावं लागतं. लिव्हर बाजारात काही शे रुपयांत नवा मिळतो. इंजिन खोलायचा खर्च किती, ते तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा, म्हणजे पाईप आपोआप खाली ठेवाल.

आता नीट पद्धत. इंजिन थंड होऊ द्या. गाडी पक्क्या जमिनीवर मेन स्टँडला लावा. लिव्हरच्या बुडाशी एक चीर दिसेल आणि त्यात आडवा बोल्ट. बहुतेक गाड्यांना तिथे १० नंबरचा पाना लागतो. बोल्ट नुसता सैल करू नका, पूर्ण काढा. पुष्कळ गाड्यांत तो शाफ्टवरच्या खाचेतून जातो, म्हणून अर्धवट सैल केला तर लिव्हर निघतच नाही. काढण्याआधी शाफ्ट आणि लिव्हर या दोन्हींवर मार्करने एक रेघ मारा. परत बसवताना दाते जुळवायला सोपं जातं.

निघत नसेल तर? मिऱ्या, भाट्ये, मांडवी, सगळीकडे खारा वारा, त्यामुळे दाते गंजून घट्ट बसतात. गंज सोडवायचं तेल मारा आणि थोडा वेळ जाऊ द्या. मग चिरेत पेचकस हलकेच फिरवून फट किंचित उघडा. शाफ्टवर हातोडा मात्र नको.

लिव्हर हातात आला की चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी. तो व्हाइसमध्ये, दोन्हीकडे लाकडाचे तुकडे देऊन पकडा आणि पाईपने सावकाश सरळ करा. पुढे-मागे, पुढे-मागे करू नका. तार तशीच वाकवून आपण तोडतो, आठवतंय ना? चुंबक चिकटला नाही तर बहुधा अॅल्युमिनियम. ते वाकण्यापेक्षा तडकतं, म्हणून सरळ करायच्या भानगडीत न पडता नवा घ्या.

सरळ झाल्यावर एक जुनी परीक्षा. वाकलेल्या जागी रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. बारीक तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. रेघ दिसली की लिव्हर भंगारात.

बसवताना दात्यांना थोडं ग्रीस लावा, रेघ जुळवा, बोल्ट घट्ट करा, पण अंगाचा जोर लावून नको. सैल राहिला तरी वाईट, दाते झिजतात. मग मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघा. लिव्हर इंजिनच्या कव्हरला घासत नाही ना? शाफ्टचं टोक फिरताना डगमगतंय का? दुसऱ्या दिवशी त्याच्या बुडाशी तेल दिसतंय का? डगमगलं किंवा तेल दिसलं तर गाडी मेकॅनिककडे न्या.

आणि रस्त्यातच झालं तर? समजा आरे-वारेला गाडी पडली. पाना असेल तर लिव्हर काढून बघा. नुसता वर किंवा खाली वाकला असेल तर एखादा दाता पुढे-मागे करून बसवला तरी घरापर्यंत काम भागतं. पण तो कव्हरला अडत असेल तर गिअर पूर्ण बसत नाही, मधूनच सुटतो. अशी गाडी घेऊन निवळी घाट उतरायचा नाही. उतारावर गिअर सुटला की इंजिनचा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागे ट्रेलर असतो. त्यापेक्षा टेम्पोचं भाडं परवडलं.

शेवटी एक फुकटचा उपाय. पावसाळ्यात साईड स्टँडखाली चपट्या चिऱ्याचा किंवा फळीचा तुकडा ठेवा. निम्मे लिव्हर तिथेच वाचतील.

तुमच्या गाडीचं असं काही झालं असेल तर आवाजी मेसेज पाठवा. पुढच्या भागात क्लचची केबल. तोवर सावकाश चालवा, हेल्मेट घाला. भेटूया!