होडी खांद्यावर घेऊन

न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण त्याच राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचं डोंगराळ अरण्य आहे, सुमारे साठ लाख एकरांचं. त्यातली जवळजवळ अर्धी जमीन राज्याची. ती कायम रानच राहील, तिथलं झाड तोडायचं नाही, असं 1894 मध्ये थेट राज्यघटनेतच लिहून टाकलं. त्यामुळे सरोवरं आणि नद्या पुष्कळ, पण खूप ठिकाणी गाडीरस्ताच नाही. धबधबा आडवा आला की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेनं पुढच्या पाण्यापर्यंत न्यायची. या वाटेला तिथं ‘कॅरी’ म्हणतात.

मुलीकडे गेलो असताना आम्ही लाँग लेकहून नदीनं रॅकेट फॉल्सपर्यंत आलो. इथली कॅरी सव्वा मैलाची, सुरुवातीलाच चढ. “बाबा, तुम्ही फक्त सामान घ्या,” मुलगी म्हणाली. मी साठी ओलांडलेली, पण ऐकतोय कुठला! होडीच्या मधोमध बैलाच्या जूसारखी आडवी लाकडी पट्टी असते, ती मानेवर घेतली. होडी तीस किलोंहून जड. खाली फक्त आपली पावलं दिसतात; डास चावला तरी हात सोडता येत नाही. दोनशे पावलांत गुडघे थरथरू लागले. होडी मुलीनं नेली, मग सामानासाठी परत आली. त्या सामानात मी हट्टानं घेतलेला लोखंडी तवाही होता. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पुढे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांच्याविषयी वाचलं. ‘नेसमुक’ या नावानं लिहिणारे, मूळ धंदा चांभाराचा, अंगानं किरकोळ, छातीच्या विकारानं खंगलेले. आपल्याला वाटाड्याचे पैसे आणि जड होडी दोन्ही परवडणार नाहीत, हे त्यांनी सरळ मान्य केलं आणि रश्टन या कारागिराकडून नऊ फुटी होडी बनवून घेतली. वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंनाही कमी! 1883 मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते तिच्यातून 266 मैल एकटे हिंडले.

दुसऱ्या खेपेला मी तवा घरी ठेवला. होडी भाड्यानं घेतली ती केव्हलारची, अठरा किलोंची. रॅकेट फॉल्सला ती मीच उचलली. वाटेत तीनदा टेकलो. मुलगी सामान घेऊन मागून येत होती.