मातीतले विरजण



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

२०२२ च्या रब्बीत आमचा हरभरा जागोजाग माना टाकू लागला. पाणी कमी पडले असेल म्हणून ह्यांनी पाणी दिले, तरी झाडे वाळतच गेली. मी एक झाड उपटून त्याचे खोड विळीवर उभे चिरले, तो आत तपकिरी रेघ! हा मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते व झाडाची पाण्याची वाट बंद करते. पीक निघाले तरी ती मातीत वर्षानुवर्षे टिकते. मुलीच्या शिलाई यंत्राचे पैसे त्या हरभऱ्यावर धरले होते, ते राहिलेच.

पण बुरशी तितकी वाईटच, असे नाही. ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी या वैरिणीच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांवरच जगते, आणि मुळांभोवतीची जागा आधीच अडवून बसते. मेलेले झाड मात्र ती उठवीत नाही. म्हणून काम पेरणीपूर्वीच करायचे. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम भुकटी, जरासे पाणी शिंपडून हलक्या हाताने चोळायची, व बी सावलीत सुकवायचे. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला व बी उन्हात पसरले! पुडाही चुलीजवळच्या फडताळात ठेवलेला. जिवंत वस्तू ती, कशी राहावी? गुण आला नाही, ह्यांची बोलणी मात्र खाल्ली.

२०२४ साली बी सावलीत ठेवलेच, शिवाय उरलेली भुकटी मुरलेल्या, ओलसर शेणखतात कालवून, गोणपाटाखाली आठवडाभर ठेवली व शेतात टाकली. दुधाला विरजण लावतो तसेच हे. त्या वर्षी तुरळक झाडे गेली, पट्टे गेले नाहीत. वाणही बदलून राहुरीच्या विद्यापीठाचा ‘विजय’ घेतला होता, तेव्हा सारे श्रेय भुकटीचे म्हणणार नाही.

हीच बुरशी काडीकचराही कुजवते. आम्ही आता भुसकट, पालापाचोळा पेटवत नाही. थरावर थर, मध्ये शेणकाला व ही भुकटी, वर ओल. मर लागलेली झाडे मात्र त्यात घालू नका, ती शेताबाहेरच काढा.

पुडा घेताना मुदतीची तारीख पाहा. कालवलेले खत मी टोपलीत आणले आहे. गोणपाट उचलून पाहा. पांढरे-हिरवे दिसले तर नासले म्हणून नाक मुरडू नका.