आरोग्य कराचा रकाना



ग्रामपंचायतीच्या कराच्या पावतीवर घरपट्टीबरोबर दिवाबत्ती आणि आरोग्य कर असे रकाने असतात. घरपट्टीवरून ग्रामसभेत खडाजंगी होते. आरोग्य कराकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, कारण तिथला आकडाच लहान. पण गटारातला गाळ, डासांची फवारणी, टाकीतली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, बाजारानंतरचा कचरा, हे सगळे याच रकान्यावर आणि पाणीपट्टीवर चालायचे असते. मेहकर-मालेगाव रस्त्यावरचे डोणगाव हे बाजारपेठेचे गाव. अशा गावाचा कचरा शहरासारखा आणि त्याला पैसा मात्र खेड्याचा, ही खरी अडचण आहे.

टाकीचे पाणी शुद्ध करणाऱ्या जलसुरक्षकाचे काम एकदा जवळ उभे राहून पाहावे. टीसीएलचे द्रावण टाकीत सोडायचे, अर्धा तास थांबायचे, मग अगदी शेवटच्या घराच्या नळाचे पाणी काचनळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवे. रंग चढलाच नाही, तर दोष अनेकदा टीसीएलच्या पोत्यात असतो. चांगल्या टीसीएलमध्ये क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असते. ओल लागून ते 20 टक्क्यांखाली उतरले की ती पावडर वापरण्याजोगी राहत नाही. पैसे नाहीत म्हणून जुने पोते पुरवून वापरले, तर त्याची किंमत हगवण लागलेले घर दवाखान्यात मोजते. पाणीपट्टीत वाचवलेल्या रुपयांपेक्षा ती कितीतरी जास्त असते.

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला आणि नमुने धावपळ करून तपासायला गेले. कारणांविषयी पुढे वेगवेगळी मते आली. पण पाणी आधीपासून नियमित तपासलेले असते, तर निदान त्या बाबतीत तरी लोकांच्या हाती उत्तर असते.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि कराचे दर वाढवायला कायदा आड येत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये सफाईचा कर, पाणीपट्टी आणि बाजार फी आकारण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे. 1960 च्या कर व फी नियमांप्रमाणे करआकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते, हरकती मागवून. प्रत्यक्षात निवडणूक तोंडावर आली की फाइल बाजूला पडते. मग पंपाच्या थकलेल्या बिलापायी वीज तुटते आणि बायका पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर.

वित्त आयोगाच्या पैशावर विसंबून किती दिवस राहणार? 2021 ते 2026 या वर्षांसाठी पंधराव्या आयोगाने निधीचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, ही मोठी मदत झाली. जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचे लक्ष्य ठेवले. मात्र योजना उभी राहिल्यावर ती चालवण्याचा रोजचा खर्च गावाने पाणीपट्टीतून भागवावा, हेही त्याच मिशनने सांगितले आहे.

लोक पैसे कधी देतात, हे दोन ठिकाणी दिसते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्या घराला दळण मोफत मिळते. तिथे माणूस कर भरायला आपण होऊन येतो, कारण भरलेल्या पैशाचे पीठ रोज डब्यात दिसते. पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्य घरोघरचा कचरा उचलतात आणि दरमहा शुल्क त्या घरांकडूनच घेतात. कचरा न्यायला आलेली बाई आणि शुल्क घेणारी बाई एकच. हिशेब दारातच होतो.

आपल्याकडे भरलेला पैसा आणि झालेले काम यांतला नेमका हाच दुवा तुटलेला आहे. आठवडी बाजारात भाजीवाली पैसे देऊन पावती घेते, वसुलीचा लिलाव घेणारा पैसे गोळा करतो आणि संध्याकाळी सडका पाला तिथेच पडून राहतो. लिलावाच्या अटींतच बाजार उठल्यावरची सफाई घाला. तिचा खर्च ओट्यावर ठोक माल विकणाऱ्याकडून जास्त आणि टोपली घेऊन बसणारीकडून नाममात्र घ्या.

म्हणून या व्यासपीठावरून मागण्या तीन आहेत. दरवाढीच्या ठरावाआधी खर्चाचा तक्ता फलकावर लागावा: टीसीएलची पोती किती, वीजबिल किती, सफाई कामगारांची मजुरी आणि हातमोजे किती, वसुली किती. ओटी चाचणीची वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. आणि निराधार, एकट्या बायकांच्या घरांना सूट द्यायची ती त्यांची नावे सभेत न पुकारता, आकारणीच्या वहीतच नोंदवून द्यावी.