जुन्या फायबर होडीच्या रंगाची जुळणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वाडवडिलांचा हात सागाच्या फळ्यांवर बसलेला होता. आमच्या वाट्याला काचतंतू आणि राळ यांच्या होड्या आल्या. साहित्य बदलले, तरी डागडुजी सुटली नाही. तिच्यातील रंगाच्या जुळणीविषयी अनुभवाचे चार शब्द सांगण्याची मंडळाने आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो.

फायबरच्या होडीवरील तकतकीत थरास जेलकोट म्हणतात. रंगद्रव्य मिसळलेली ही राळ साच्यात प्रथम लावून तिच्यामागे काचतंतूंचे थर बसवितात. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. वर्षानुवर्षे ऊन लागून तिच्यावर खडूसारखी भुकटी धरते आणि रंग विटतो. यास्तव कारखान्याचा त्याच नावाचा नवा डबा आणला, तरी ठिगळ उठून दिसते.

हा धडा आम्ही फजितीतून शिकलो. एका वृद्ध मामांची पांढरी होडी धक्क्यास घासली होती. आम्ही शुभ्र जेलकोट आणून सायंकाळी दिव्याखाली लावला व समाधानाने घरी गेलो. सकाळच्या उन्हात पाहतो तो पिवळसर होडीवर निळसर ठिगळ! मामा एवढेच म्हणाले, "बाबांनो, होडी बरी झाली, पण जखम लांबून दिसते." ते काम आम्ही स्वखर्चाने पुन्हा केले.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. भेग काचतंतूंपर्यंत गेली असल्यास प्रथम ती तासून नवे थर द्यावेत. जेलकोट बळकटी देत नाही. मग लगतचा वीतभर भाग धुवून रबिंग कंपाउंडने घासावा. भुकटीखालून निघतो त्या रंगाशी जुळणी करावी. पांढऱ्यात पिवळा, तपकिरी आणि काळा रंग टाचणीच्या टोकाने घालावा. फिकटात गडद मिसळावे. गडदास फिकट करू जाता डबा संपतो. राळ घट्ट होताना छटा बदलते, म्हणून हार्डनर घातलेला ठिपका सुकू द्यावा आणि तो उन्हात व सावलीत दोहोंकडे पाहावा. प्रत्येक प्रमाण वहीत टिपावे. हार्डनर कारखान्याने सांगितला तेवढाच, बहुधा दोन टक्क्यांच्या आत-बाहेर; तो डोळ्यांस घातक असल्याने चष्मा अवश्य लावावा. हवा लागल्यास पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून लावलेल्या जेलकोटवर पातळ प्लास्टिक पसरावे. पूर्ण सुकल्यावर ४०० पासून १२०० नंबरपर्यंत पाणीपेपर फिरवून शेवटी पॉलिश करावे.

पुढे मामांनी ती होडी विकावयास काढली. आमची जुळणी आता अशी बसली होती, की घेणाऱ्याच्या ध्यानातही आली नसती. मामांनी आम्हांस बोलावून ती जागा त्यास बोटाने दाखवावयास सांगितले. किंमत थोडी उतरली. परंतु पुढील डागडुजीसाठी तो गृहस्थ आपण होऊन आमच्याकडे आला.

तरुण बंधूंनो, रंग जुळवावा तो होडीची शोभा राखण्यासाठी. घाव झाकून कोणास फसविण्यासाठी तो कधीही वापरू नये. ज्ञातीच्या कारागिरीवरील लोकांचा विश्वास हीच आपली पुंजी होय. ती अखंड राहो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.