ऑनलाइन प्रशिक्षण कोणासाठी?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



प्रशिक्षण आता मोबाइलवर आले आहे. टपाल खात्याचे 'डाक कर्मयोगी' पोर्टल जून २०२२ मध्ये सुरू झाले. रेल्वेतही 'आयगॉट'वरचे कोर्स आले. आमचा त्याला विरोध नाही. पण कोर्स बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण असतो, हा आमचा प्रश्न आहे.

आमचा एक लोको पायलट सहकारी. आजाराने नजर अधू झाली, रंग नीट ओळखता येईनात, मेडिकल कॅटेगरी खाली आली. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कामगाराला काढता येत नाही, की खालच्या पदावर आणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० तसे सांगते. त्याला ऑफिसात काम मिळाले, ते शिकायचे ऑनलाइन. आणि कोर्समध्ये बरोबर उत्तर हिरवे, चूक उत्तर लाल! ज्या कारणाने इंजिनावरून उतरवले, तीच परीक्षा पुन्हा. शेजारी 'बरोबर', 'चूक' एवढे शब्द लिहिले असते तरी भागले असते.

अंध सहकारी स्क्रीन रीडर वापरतात. तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. 'एनव्हीडीए' नावाचा तर फुकट मिळतो. पण पान म्हणजे परिपत्रकाचा नुसता फोटो असेल, तर तो बिचारा 'चित्र' म्हणून गप्प बसतो. मजकूर टाइप करा, चित्राचे वर्णन द्या, माऊसशिवाय कीबोर्डवर सगळे चालू द्या. व्हिडिओखाली बोललेले शब्द मराठीत उमटू द्या. ते कर्णबधिरांना लागतातच, आणि यार्डाच्या गोंगाटात आपल्यालाही.

प्रश्नाला तीस सेकंदांचे घड्याळ लावतात. डिस्लेक्सियासारखी अडचण कायद्याच्या २१ प्रकारांत मोडते. ते घड्याळ वाचनाचा वेग मोजते, कामाची समज नव्हे. सिग्नलपुढे क्षणाचा हिशेब हवाच, रजेच्या नियमांना कशाला?

खर्चाचे कारण सांगितले जाईल. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे, हे त्यांना दाखवा. आमची मागणी एकच: कोर्स सक्तीचा करण्याआधी तो अंध, कर्णबधिर आणि मंद गतीने वाचणाऱ्या सहकाऱ्यांकडून करवून घ्या, ते अडतील ते दुरुस्त करा, मगच आदेश काढा.

तोवर आपल्या शाखेत कोण, कोणत्या कोर्सच्या कितव्या पानावर अडले, ते लिहून शाखा सचिवांकडे द्या. नुसते 'जमत नाही' लिहू नका. पान क्रमांक घाला.