शिक्षणाधिकाऱ्यांच्या खुर्चीपर्यंत

आम्ही कल्याण तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हप्ता आणि कर्ज बाजूला ठेवू. आज बोलू जिल्ह्याच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या खुर्चीबद्दल, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांबद्दल.

आमच्या गावच्या शाळेत पहिली ते पाचवीची सगळी पोरं एकाच गुरुजींकडे होती. गुरुजी मिटिंगला गेले की शाळेला कुलूप. गटाच्या बैठकीत विषय निघाला. अर्ज लिहिला आणि आम्ही पाच जणी मजुरी बुडवून लोकलने एका मोठ्या सरकारी ऑफिसात गेलो. तिथल्या शिपाईदादांनी विचारलं, "ताई, आधी तालुक्याला अर्ज दिलात का?" आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो.

मग माहिती काढली. शाळेत मुख्याध्यापक. आसपासच्या शाळा मिळून एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. त्यांच्यावर विस्तार अधिकारी. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. आणि ठाण्याला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. प्राथमिकचे वेगळे, माध्यमिकचे वेगळे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. आता आपल्या जिल्हा परिषदेकडे कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर अशा पाच पंचायत समित्या आहेत. शहरात शाळा महापालिकेची असेल, तर दार महापालिकेच्या शिक्षण विभागाचं. म्हणून आधी शाळेची पाटी वाचा, मगच अर्ज लिहा.

आमच्या अर्जातही एक कमी होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात लिहिलंय की पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्या गटातल्या तिघी त्या समितीत होत्या, पण फक्त सही करायला जायच्या. या वेळी समितीचा ठराव केला, पटसंख्या लिहिली, अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत दिला आणि पोच घेतली. दोनदा विचारायला गेलो. दिवाळीनंतर दुसऱ्या बाई शाळेवर हजर झाल्या.

आता दुसरी गोष्ट. ही खुर्ची कुणाला मिळते? एक वाट शाळेतून जाते. शिक्षक म्हणून लागायचं आणि परीक्षा, बढती घेत पायरी पायरीने वर चढायचं. दुसरी वाट थेट आहे. पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची. उपशिक्षणाधिकारी गट ब, शिक्षणाधिकारी गट अ, अशी पदं त्यातून भरतात. पुढे उपसंचालक, संचालक असा प्रवास असतो. काम सोपं नाही. शिक्षकांच्या नेमणुका, शाळांची तपासणी, पटसंख्या, पोषण आहार, पालकांच्या तक्रारी, सगळं त्यांच्या टेबलावर येतं.

हे आम्ही बैठकीत सांगत होतो, तेव्हा एकीची बारावीतली मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे मीपण होऊ शकते?" तिची आई तिच्यासाठी स्थळ बघत होती. त्या दिवशी गटातून तिच्या कॉलेजच्या फीसाठी कर्ज मंजूर झालं. स्थळाचं पुढे बघू, असं आईच म्हणाली.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत दोन गोष्टी विचारा. आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे? आणि आपल्या गटातली कोणती मुलगी पुढे शिकायचं थांबलीय? उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच बोलू.