शेवटच्या घडीची तयारी
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें आपल्या श्रीवर्धनांतील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. परंतु वर्दी आधीं मिळाल्यामुळें पुष्कळांस सुरक्षित स्थळीं नेतां आलें. दीर्घ आजार हीहि एक वर्दीच होय. तरी आजारी मनुष्य शुद्धीवर असतां आम्ही त्या विषयीं गप्प राहतों. त्याची वाचा गेल्यावर, कृत्रिम श्वासयंत्र लावावें कीं नाहीं, हा प्रश्न लेकरांवर येऊन पडतो आणि भावाभावांत वितुष्ट येतें.

जाणूनबुजून मरण ओढवणें ख्रिस्तसभेस मान्य नाहीं; रुग्णाची नित्य शुश्रूषाहि सोडतां येत नाहीं. परंतु असाधारण उपचारांचें बंधन कोणावर नाहीं, असें पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालीं स्पष्ट केलें आहे.

सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१८ सालीं वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ सालच्या सुधारणेप्रमाणें तें दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करावें लागतें. आपल्या वतीनें बोलणाऱ्या विश्वासू आप्ताचें नांव त्यांत लिहावें. मत पालटल्यास तें रद्दहि करतां येतें.

म्हणून आमची विनंती इतकीच: घरच्यांस जवळ बसवून मनांतलें सांगा, कागदावर लिहा, आणि तैलाभ्यंगासाठीं धर्मगुरूंस शुद्ध हरपण्यापूर्वींच बोलवा. ही निराशा नव्हे. मागें राहणाऱ्यांवरील ती शेवटची माया होय. परमेश्वर आपणां सर्वांस शांतीचें मरण देवो.